मानाचा पहिला बोल्ट

एका जंगलात, जिथे रस्त्यांपेक्षा गाड्या जास्त आणि गाड्यांपेक्षा समित्या जास्त होत्या, साळबा नावाचं एक साळिंदर आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत होतं.

बाळांनो, साळिंदर तुम्ही पाहिलं नसेल. त्याच्या अंगावर लांब, टोकदार, काळे-पांढरे काटे असतात. ते उभे राहिले की वाघसुद्धा मागे सरतो. पण साळबाचे काटे उभे राहिलेले जंगलात कुणीच पाहिले नव्हते. तो रोज सकाळी अंगाला तेल चोपडायचा आणि एकेक काटा चापून बसवायचा. चारचौघांत उगाच कुणाला टोचायला नको. त्यामुळे सगळं जंगल म्हणायचं, "साळबासारखा सज्जन शोधून सापडणार नाही." सज्जन कशाला म्हणतात ते तुम्हाला या गोष्टीत कळेल. सरळ बसा.

साळबाकडे एक जुनी निळी गाडी होती. आता हात वर करून विचारू नका, की साळिंदराला गाडी चालवता येते का. तुमच्या गल्लीत जे चालवतात त्यांना तरी कुठे येते?

तर ही गाडी एके दिवशी शिट्टी वाजवायला लागली. वडाच्या चौकात थांबली की गचके खायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. माकड मेकॅनिक साडूच्या लग्नाला गेलं होतं, आणि साडूच्या लग्नाला गेलेलं माकड कधी परत येईल ते साडूलाही सांगता येत नाही. पण साळबाचा हात तसा चांगला होता. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि इकडेतिकडे साबणाचं पाणी शिंपडून पाहिलं. एका जागी पाणी पडताच शिट्टी थांबली. साळबा मनात म्हणाला, "गॅस्केट गेलं."

गॅस्केट म्हणजे काय? सांगतो, पण लक्ष देऊन ऐका, मी परत सांगणार नाही. इंजिनाला श्वास लागतो. ती हवा नळांच्या एका जुडग्यातून आत जाते. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. मॅनिफोल्ड कडक, इंजिन त्याहून कडक. दोघांचं थेट पटत नाही. म्हणून दोघांच्या मधे एक पातळ मऊ पट्टी बसवतात, तिचं नाव गॅस्केट. दोन्हीकडचा दाब तिने सोसायचा, दोन्हीकडची उष्णता तिने सोसायची, आणि तिचं नाव कधी निघतं? ती फाटली की. तुमच्या घरात असं कोण आहे ते जेवताना जरा बघा.

एरवी साळबाने माकडाची वाट पाहिली असती. पण आईची मावसबहीण नव्हे, सख्खी धाकटी बहीण यमूमावशी घाटापलीकडच्या राईत अंथरुणाला खिळली होती. तिचा निरोप आला होता, "गोदाताई, डोळे मिटायच्या आत एकदा येऊन जा."

आईचे पाय सुजायचे. घाट चढणं तिच्याच्याने होणारं नव्हतं. आणि साळबाने तिला पाठुंगळी घ्यावं म्हटलं तर पाठ साळिंदराची. सांगायची गरज नाही.

"आई, गाडी मी स्वतः नीट करतो," साळबा म्हणाला. "सकाळी कामाला लागलो की दुपारी आपण घाटात असू."

"होईल ना रे तुला?"

"न व्हायला काय झालं? एकच गोष्ट सांभाळायची असते. बोल्ट आवळताना मधून सुरुवात करायची. आधी मधले, मग त्यांच्या बाजूचे, मग कडेचे. आणि एकदम पिळायचे नाहीत. थोडे थोडे, सगळे सारखे. नाहीतर मॅनिफोल्ड वाकतं."

"पुरणपोळी लाटतात तसं," आई म्हणाली. "मधून कडेला. कडा आधी दाबल्या की पुरण फुटतं."

"अगदी तसंच," साळबा म्हणाला, आणि आईला बरं वाटलं.

सकाळी आईने आपलं गाठोडं बांधलं. यमूला आवडते म्हणून कारळ्याची चटणी घेतली, एक मऊ लुगडं घेतलं, आणि ती गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. साळबा म्हणाला, "अगं आत्तापासून काय बसतेस?" ती म्हणाली, "असू दे. इथे बसले की निघाल्यासारखं वाटतं."

आणि बाळांनो, खरं सांगतो, साळबाने काम फार सुरेख केलं. त्याने बॅटरीची तार आधी सोडवली. इंजिनातलं पाणी घमेल्यात काढलं. प्रत्येक नळीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, म्हणजे परत लावताना घोळ नको. पुठ्ठ्याला भोकं पाडून ज्या जागचा बोल्ट त्या भोकात खोचला. मॅनिफोल्ड उचललं, तर खाली जुनं गॅस्केट करपलेल्या पापडासारखं तडकलेलं. त्याने उघड्या नळांत चिंध्या कोंबल्या, कचरा आत जाऊ नये म्हणून. लोखंडी पातं लावलं तर पृष्ठभागावर ओरखडे पडतात, म्हणून आपलाच एक गळालेला काटा घेऊन चिकटलेलं सगळं हळूहळू खरवडलं. पुसलं. चिंध्या आठवणीने काढल्या. नवं गॅस्केट ठेवलं. त्यावर मॅनिफोल्ड अलगद टेकवलं आणि सगळे बोल्ट नुसते बोटांनी फिरवून अडकवले.

आता फक्त आवळायचे राहिले होते. शेजारून त्याने खास पाना मागून आणला होता, ठरलेला जोर झाला की 'कट्' असा आवाज करणारा. तो त्याने मधल्या बोल्टवर ठेवला.

तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला, "साळबाऽऽ! हे काय चाललंय?"

कोल्हा होता. कोल्हा जंगलाच्या सन्मान समितीचा कार्याध्यक्ष.

आता ही समिती काय ते ऐका. त्या जंगलात कुठलंही काम मान दिल्याशिवाय सुरू होत नसे. पाणवठ्यावर मानाचा पहिला घोट असे. आंब्याच्या मोसमात मानाची पहिली कैरी असे. एकदा वणवा पेटला, तेव्हा मानाची पहिली बादली कुणी ओतायची यावर समितीची बैठक बसली. बैठक संपेपर्यंत वणवाही संपला होता आणि पूर्वेकडचं जंगलही. पण बैठक अतिशय खेळीमेळीत पार पडली, असं इतिवृत्तात लिहिलं आहे.

"काही नाही हो," साळबा म्हणाला. "गॅस्केट बदलतोय. छोटंसं काम आहे."

"छोटं काम मोठं करायलाच तर समिती आहे!" कोल्हा म्हणाला. "जंगलात आजवर कुणी घरच्या घरी गॅस्केट बदललेलं नाही. आणि तू पहिला बोल्ट गुपचूप आवळून मोकळा होणार? वाघोजीरावांना काय वाटेल?"

"पण आईला घाटापलीकडे..."

"अरे, किती वेळ लागतोय? ते येतील, हात लावतील, जातील. आणि आता मी पाहिलंय. पाहिल्यावर मला सांगायलाच हवं. नाही सांगितलं तर तू मुद्दाम डावललंस असं होईल. तुझ्या भल्यासाठी बोलतोय."

साळबाने पाना खाली ठेवला.

हाच तो क्षण, बाळांनो. पाना खाली ठेवायचा नव्हता. पण साळबाला भीड पडली. भीड पडलेला प्राणी ओळखायची खूण अशी, की तो 'नाही' म्हणायला तोंड उघडतो आणि बाहेर 'चहा घेणार का?' येतं.

"चहा घेणार का?" साळबा म्हणाला.

मग मांडव आला. सतरंजी आली. कर्णा आला आणि त्यातून "हॅलो, हॅलो, माइक चेक" आलं. निळ्या गाडीला झेंडूचा हार घातला. मागच्या सीटवर आई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती, हार तिच्या खिडकीवरून गेला. तिने तो थोडा बाजूला केला, बाहेरचं दिसावं म्हणून. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

उन्हं डोक्यावर आल्यावर वाघोजीराव आले. ते जंगलाचे अध्यक्ष. त्यांच्यामागे हत्तीदादा, ते उपाध्यक्ष. त्यांच्यामागे रानडुक्कर, ते माजी अध्यक्ष. पण त्यांना माजी म्हटलेलं चालत नसे. आणि शेवटी मोर, ते सांस्कृतिक.

"अध्यक्ष महोदय आता मानाचा पहिला बोल्ट आवळतील!" कोल्ह्याने कर्ण्यातून सांगितलं.

साळबाने वाकून मधला बोल्ट दाखवला. "हा... इथून सुरू करतात."

वाघोजीराव मध्यभागी वाकले. फोटो काढणारा ससा म्हणाला, "साहेब, तिथे तोंडावर बॉनेटची सावली येतेय."

"मग कुठे उजेड आहे?"

"त्या कडेच्या कोपऱ्यात."

"मग तोच मानाचा," कोल्हा म्हणाला. "अध्यक्ष जिथे उभे राहतात, तिथूनच सुरुवात असते."

कडेचा. साळबाच्या पाठीत काहीतरी सळसळलं. त्याने लगेच तळवा फिरवून ते चापून बसवलं.

वाघोजीरावांनी पाना धरला आणि पिळला. 'कट्' आवाज झाला. साळबा म्हणाला, "बास, साहेब, झालं." पण टाळ्या अजून पडायच्या होत्या. अध्यक्ष टाळ्यांशिवाय कसे थांबणार? त्यांनी आणखी पिळला. मग टाळ्या पडल्या.

हत्तीदादांनी समोरचा कोपरा घेतला. उपाध्यक्ष झाले तरी हत्ती ते हत्ती. अध्यक्षांपेक्षा कमी जोर लावला असता तर त्यांच्या कळपात चर्चा झाली असती. त्यांना पाना लहान वाटला, म्हणून त्यांनी त्याला लोखंडी नळी जोडून घेतली. रानडुकराने तिसरा कोपरा आवळताना, "आमच्या काळात बोल्ट असे आवळायचे!" असं म्हणून हिसका दिला. चौथा कोपरा मोराने आवळला. मोराला जोर नव्हता, पण नळी होती, आणि तो नळीवर चढून नाचला.

टण्!

आतून कुठूनतरी आवाज आला. बारीक, स्वच्छ, एकदाच.

"ऐकलंत?" कोल्हा कर्ण्यातून ओरडला. "गच्च बसल्याचा आवाज!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

साळबाला कळलं होतं कशाचा आवाज तो. चारी कोपरे दाबले गेले होते, मधे मॅनिफोल्ड कमानीसारखं उचललं होतं, आणि एका कोपऱ्याला तडा गेला होता. मधले बोल्ट तसेच लोंबत होते, त्यांना कुणी मान्यवर उरले नव्हते.

"ते... मधले आधी..." तो पुटपुटला.

"काही म्हणालात?" वाघोजीरावांनी विचारलं.

सगळं जंगल साळबाकडे बघायला लागलं. आणि गाडीतून, हाराच्या फटीतून, आईही.

"नाही, नाही," साळबा म्हणाला. "आभार मानत होतो."

मग साळबाने नळ्या जोडल्या, पाणी भरलं, बॅटरीची तार लावली आणि गाडी चालू करण्याचा कार्यक्रम झाला. पूर्वी एक शिट्टी वाजत होती, आता दोन वाजल्या, एक जाड आणि एक बारीक. मोर म्हणाला, "वा! आता गाडी सुरात आली." एवढं म्हणेपर्यंत गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली. वाघोजीरावांनी माइक हातात घेतला. "गाडी बंद आहे म्हणजे शांत आहे," ते म्हणाले, "आणि शांतता हेच आपल्या जंगलाचं धोरण आहे." पुन्हा टाळ्या. मग जेवणं झाली. मग मांडव सुटला, कर्णा उतरला, आणि सगळे ढेकर देत आपापल्या गाड्यांत बसून गेले. त्यांच्या गाड्या व्यवस्थित चालत होत्या. त्या माकडाने दुरुस्त केलेल्या होत्या.

अंगणात साळबा उरला, आणि पत्रावळी.

मागच्या सीटवरून आईचा आवाज आला, "साळबा, निघायचं का रे?"

साळबाने किल्ली फिरवली. परत फिरवली. गाडी नुसती खोकली.

"काय झालं?" आई म्हणाली. "तुला ठाऊक होतं ना मधून आवळायचं? सकाळी तूच सांगत होतास. मग बोलला का नाहीस?"

आणि बाळांनो, त्या क्षणी साळबाचे काटे उभे राहिले. एकूण एक. खडखड आवाज करत, मानेपासून शेपटीपर्यंत. असे काटे त्या जंगलात कुणी कधी पाहिले नव्हते.

"तू गप्प बस!" तो आईवर ओरडला. "तुला काय कळतं यातलं? सकाळपासून डोक्यावर बसलीये नुसती! तुझ्यामुळेच हे सगळं!"

इथे मला साळबाचा राग येतो. गोष्ट सांगणाऱ्याने असं म्हणू नये म्हणतात, पण मला येतो. वाघासमोर जो तेल लावून चापून बसतो, तोच घरी येऊन म्हातारीसमोर फुलतो. आणि याला आपण सज्जन म्हणतो.

आई थोडा वेळ त्या काट्यांकडे बघत राहिली.

"आहेत होय तुला?" ती म्हणाली. "मला वाटलं गळून गेले."

मग तिने दार उघडलं, हार बाजूला केला, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि सुजलेल्या पायांनी घाटाची वाट धरली.

साळबाचे काटे हळूहळू खाली बसले. तो तिच्या मागे निघाला. जवळ जायची त्याला लाज वाटत होती आणि घरी थांबायची त्याहून जास्त. म्हणून तो थोडं अंतर ठेवून चालत राहिला. आई दर वळणावर दगडावर बसायची. साळबाही मागच्या वळणावर बसायचा. ती उठली की तो उठायचा.

घाटाच्या मध्यावर मागून हॉर्न ऐकू आले. समितीच्या गाड्यांचा ताफा होता. आई कडेला झाली. पहिल्या गाडीतून कोल्ह्याने डोकं बाहेर काढलं.

"अरेच्चा, आजी! पायी? तुम्हाला घेतलं असतं हो, जागा आहे एक. पण ती मानाची आहे, रिकामीच ठेवावी लागते."

"तुम्ही कुठे निघालात?" आईने विचारलं.

"शोकसभेला. यमुनाबाई गेल्या ना आज दुपारी. तुम्हाला कळलं नाही?"

आईने डोक्यावरचं गाठोडं उतरवून छातीशी धरलं.

"अध्यक्ष बोल्ट आवळत होते ना, तेव्हाच निरोप आला होता," कोल्हा म्हणाला. "म्हटलं, आत्ता कशाला सांगा, कार्यक्रमाचा बेरंग व्हायचा. तुम्ही या सावकाश. उद्या सकाळी आहे सभा."

आणि तो मागून येऊन उभ्या राहिलेल्या साळबाला म्हणाला, "काय साळबा, तुमच्या भावनांचा विचार केला की नाही आम्ही?"

साळबा काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "आभारी आहे."

ताफा पुढे गेला. धूळ खाली बसल्यावर आईही पुढे निघाली. आता घाई नव्हती, पण ती आधीपेक्षा भरभर चालत होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा ती राईत पोचली. तिथे मांडव होता, सतरंजी होती, कर्णा होता. कालच्यासारखाच झेंडूचा दुसरा हार यमूच्या फोटोला घातला होता. मधे यमू निजवलेली होती, चिमणीएवढी झालेली. आई गाठोडं टाकून तिच्याकडे धावली. तोंड उघडलं, आणि कोल्ह्याने मधे हात घातला.

"थांबा, आजी, थांबा. मानाचा पहिला हुंदका वाघोजीरावांचा आहे. चहा घेतायत, येतीलच. त्यानंतर उपाध्यक्ष, मग माजी... म्हणजे, मार्गदर्शक. नातेवाइकांचं शेवटी ठेवलंय. अगदी मोकळेपणाने रडा तेव्हा."

आईने त्याच्याकडे पाहिलं. आणि तिच्या अंगावरचे ते म्हातारे, पिवळे पडलेले, टोकं झिजलेले काटे एकदम उभे राहिले. सळ्कन. कोल्हा मागे हटता हटता कर्ण्यावर आपटला. चहाचा कप हातात घेऊन येणारे वाघोजीरावही चार पावलं मागे सरले आणि चहा त्यांच्याच पंजावर सांडला.

आई यमूशेजारी बसली आणि मोठ्याने, कुणाचीही परवानगी न घेता रडली. "यमे, मी काल सकाळपासून निघाले होते गं," एवढंच ती परत परत म्हणत होती. कारळ्याची चटणी तिने यमूच्या उशाशी ठेवली.

मांडवात असं कधी झालं नव्हतं. मानाच्या आधी कुणी रडलं नव्हतं. सगळ्यांनी साळबाकडे बघितलं, आता हा काय करतो?

साळबाही आईकडे बघत होता. त्याच्या पाठीत काहीतरी सळसळलं. क्षणभर वाटलं, आता उभे राहणार. आईच्या शेजारी जाऊन उभा राहणार हा.

त्याने तळवा फिरवला, पाठ चापून घेतली, आणि हात जोडून वाघोजीरावांसमोर वाकला.

"साहेब, आईच्या वतीने मी माफी मागतो," तो म्हणाला. "वय झालंय तिचं. तिला समजत नाही."

वाघोजीरावांनी पंजावरचा चहा पुसला आणि मोठ्या मनाने त्याला माफ केलं.

त्यानंतर आई साळबाकडे परत आली नाही. ती यमूच्या घरातच राहिली. साळबाला पुढच्याच महिन्यात सन्मान समितीवर घेतलं. निळी गाडी वडाच्या चौकात एका ओट्यावर बसवली आहे. घरच्या घरी बदललेलं पहिलं गॅस्केट म्हणून दर वर्षी तिला हार घालतात. गाडी कधी सुरू झाली नाही, पण तसं कुणी विचारतही नाही. ओट्याचं उद्घाटन झालं तेव्हा पहिला हार घालायचा मान साळबाला मिळाला. फोटोत त्याचे सगळे काटे अगदी छान बसलेले आहेत.

तात्पर्य: बाळांनो, बोल्ट नेहमी कडेचाच आधी आवळावा, तिथे उजेड चांगला असतो. मधून आवळून गाड्या चालतात, पण मधून आवळून कुणाला समितीवर घेतल्याचं ऐकिवात नाही. आणि देवाने काटे दिले असतील तर ते घरी वापरावेत. बाहेर वापरले तर लागतात कुणाला तरी.